ऑनलाइन लिलावात एका टप्प्याने हरलो म्हणजे काय झालं? बोली किती लावावी आणि केव्हा?

प्रश्न असा आहे: कॅमेऱ्याच्या जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सवर ऑनलाइन लिलावात बोली लावतो. चार-पाच दिवस सर्वांत वरची बोली माझीच असते आणि शेवटच्या दहा सेकंदांत कुणीतरी उपटतो, एका टप्प्याच्या, म्हणजे बोलीतल्या किमान वाढीच्या, फरकाने वस्तू घेऊन जातो. दर वेळी हेच. मीही अगदी शेवटच्या क्षणी बोली लावायला शिकावं, की दुसरं काही तंत्र आहे?

शेवटच्या क्षणी बोली लावायला जरूर शिका, कशी ते पुढे सांगतो. पण तेवढ्याने तुमचं दुखणं बरं होणार नाही, कारण तुम्ही एका टप्प्याने हरलेलेच नाही आहात.

ईबे आणि त्याच्या धर्तीवर चालणाऱ्या बहुतेक ठिकाणी तुम्ही जो आकडा टाकता ती तुमची कमाल मर्यादा असते. ती गुप्त राहते. यंत्रणा तुमच्या वतीने, समोरच्याला मागे टाकण्यापुरतीच, एकेक टप्पा वर चढते. समजा तुमची कमाल ८०० आहे आणि टप्पा १० चा. शेवटच्या क्षणी आलेल्या माणसाने १३०० टाकले. पडद्यावर काय दिसेल? ८१०. त्याने ५००० टाकले असते तरी ८१०च दिसले असते. किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या आकड्यावरून, म्हणून हरणाऱ्याला कायम असंच दिसतं की आपण जेमतेम हरलो. ‘८२० टाकले असते तर मिळाली असती’ हे खरं नाही. तुम्ही ८२० टाकले असते तर तो ८३० ला जिंकला असता आणि त्याचे वीस जास्त गेले असते, इतकंच.

आता स्वतःला एक विचारा. लेन्स ८१० ला गेली याची हळहळ वाटली का? वाटली असेल, तर ८०० ही तुमची खरी मर्यादा नव्हतीच. तो तुम्ही सुरुवातीला सांगितलेला भाव होता. खरा आकडा वेळ पडली की काढू, असं मनात होतं. समोरच्याने ती वेळ येऊच दिली नाही. उशिरा येणारे जिंकतात ते बहुतांशी याच सवयीच्या जिवावर.

कमाल मर्यादा एकदाच आणि खरी सांगावी, हे अर्थशास्त्रातलं जुनं उत्तर आहे. विल्यम विकरी यांनी १९६१ साली एका शोधनिबंधात मांडलं की बंद बोलीच्या लिलावात, म्हणजे जिथे प्रत्येक जण इतरांना न दाखवता आकडा लिहून देतो तिथे, सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला वस्तू द्यावी, पण किंमत मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच घ्यावी. मग प्रत्येकाने आपल्याला त्या वस्तूची जी खरी किंमत वाटते तीच लिहिणं सर्वांत फायद्याचं ठरतं. १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना जेम्स मिर्लीस यांच्याबरोबर विभागून जाहीर झालं आणि त्यानंतर तीनच दिवसांत ते वारले. गंमत म्हणजे संग्राहकांना टपाल तिकिटं विकणाऱ्या आणि पोस्टाने बोल्या मागवणाऱ्या विक्रेत्यांनी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरायला सुरुवात केली होती. जो गिऱ्हाईक समोर हजर नाही, त्याची मर्यादा लिहून घ्यायची आणि दुसऱ्याच्या वर जाईल एवढंच त्याच्याकडून घ्यायचं. आजची स्वयंचलित बोली त्याचीच वंशज.

यामागचा तर्क साधा आहे. इथे तुमचा आकडा फक्त एकच गोष्ट ठरवतो: तुम्ही जिंकता की नाही. किती द्यायचे ते दुसऱ्याचा आकडा ठरवतो. म्हणून आकडा मुद्दाम खाली ठेवून तुमचे पैसे वाचत नाहीत. जे लिलाव तुम्हाला परवडले असते, त्यातले काही हातचे जातात एवढंच. आणि आकडा फुगवून जे जास्तीचे लिलाव तुम्ही जिंकाल, ते नेमके न परवडणारे असतील.

पण ईबेवर पुस्तकातला हा लिलाव जसाच्या तसा चालत नाही. दोन ठिकाणी फट आहे. एक म्हणजे चालू किंमत सर्वांना दिसते आणि लोक ती पाहून मत बदलतात. याचा संबंध वेळेशी आहे, त्याकडे नंतर येऊ. दुसरी फट टप्प्यांची, आणि ती फार थोड्यांना नीट माहीत असते.

ईबेच्या अमेरिकी तक्त्यात किंमत २५ ते ९९.९९ डॉलर असेल तर टप्पा १ डॉलरचा असतो, १०० ते २४९.९९ ला अडीच डॉलरचा, १००० ते २४९९.९९ ला २५ डॉलरचा. बोली लावताना तुमचा आकडा पडद्यावरच्या किमतीपेक्षा किमान एक टप्पा वर असावा लागतो. पण समोरच्याच्या गुप्त मर्यादेपेक्षा तो पूर्ण टप्पाभर वर असण्याची गरज नसते. समजा पडद्यावर १५० आहे आणि समोरच्याची गुप्त कमाल २०० आहे. तुम्ही २००.५७ टाकलेत तर तुम्ही जिंकता आणि २००.५७ देता; पूर्ण टप्प्याला जागाच उरलेली नसते. २०० टाकलेत तर हरता, कारण बरोबरीत आधी आलेली बोली सरस धरतात. बहुतेक माणसं गोल आकडे टाकतात: १००, १५०, २००, फार तर १९९. म्हणून आकडा नेहमी गोल आकड्याच्या किंचित वरचा आणि वेडावाकडा ठेवावा. ज्याला १००० पर्यंत जायचं आहे त्याने १००७ टाकावेत. सात जास्त गेल्याने कुणी बुडत नाही, आणि १००० वाल्यांची सगळी रांग मागे पडते. एका टप्प्याने हरण्याची तुमची तक्रार खरी ठरू शकेल अशी जागा कुठे असेल तर ती ही एवढीच.

आता आकडा काढायचा कसा? माझ्या मते निम्म्याहून जास्त काम इथे आहे आणि लोक सर्वांत कमी वेळ इथे देतात.

पहिली गोष्ट, विकायला ठेवलेल्या वस्तूंच्या किमती पाहू नका. मागणाऱ्याने काय मागितलं याला काही अर्थ नाही. पूर्ण झालेले, खरोखर विकले गेलेले व्यवहार पाहा. त्यातही एकच मोठा आकडा धरून बसू नका. वरचे एक-दोन आणि खालचे एक-दोन सोडून मधल्यांचा अंदाज घ्या. आणि त्या विक्रीचे फोटो उघडा. एकाच नावाच्या दोन लेन्समध्ये बुरशी, आतल्या काचेवरचं धुकं, ॲपर्चरच्या तेलकट पात्या, वाकलेली फिल्टरची कड यांमुळे दुपटीचा फरक पडू शकतो. वर्णनात ‘तपासलेली नाही’ असं लिहिलेलं असेल तर मी ती बिघडलेली आहे असं धरूनच हिशेब करतो. अनुभवी विक्रेत्याला लेन्स प्रकाशासमोर धरून बघायला अर्धं मिनिट लागतं. त्याने ती बघितली नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट, हिशेब उलट्या दिशेने करा. वस्तू हातात पडून वापरण्याजोगी होईपर्यंत एकूण किती खर्च करायचा ते आधी ठरवा आणि त्यातून वजावट करत बोलीपर्यंत या. लिलावगृहांच्या ऑनलाइन लिलावात हातोडा पडून ठरलेल्या शेवटच्या किमतीवर खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घेतात. लंडनमध्ये क्रिस्टीज आणि सदबीज यांनी १९७५ साली ते १० टक्क्यांवर सुरू केलं; आज बऱ्याच लिलावगृहांत ते २० टक्के किंवा त्याहून जास्त असतं. समजा एकूण १२०० खर्चायचे आहेत, पाठवणावळ ६० आहे, सफाई-दुरुस्तीला १०० धरले आणि कमिशन २० टक्के आहे. उरले १०४०. त्याला १.२ ने भागलं की ८६६ येतात. तुमची कमाल बोली ८६६, १२०० नव्हे. वर कर किंवा आयातशुल्क लागत असेल तर आणखी खाली. लिलाव संपायला दोन मिनिटं उरलेली असताना हा हिशेब कुणाला जमत नाही, म्हणून तो आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावा.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. तुम्ही ती वस्तू स्वतः वापरायला घेताय की पुढे विकायला? वापरायला घेत असाल तर तिची किंमत मुख्यतः तुमच्या आवडीने ठरते. इतरांच्या बोल्यांवरून तुम्हाला फारसं शिकण्यासारखं काही नसतं. पुनर्विक्रीसाठी घेत असाल, किंवा वस्तूची अवस्था नक्की माहीत नसेल, तर मामला निराळा. तिथे वस्तूची खरी किंमत सर्वांसाठी साधारण एकच असते आणि प्रत्येक जण तिचा अंदाज करत असतो. कुणाचा अंदाज कमी, कुणाचा जास्त. जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकून वर गेला तो. तेलकंपन्यांना हा अनुभव समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावांत आला. अटलांटिक रिचफिल्ड या तेलकंपनीतले तीन अभियंते, केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल, यांनी १९७१ साली त्यावर निबंध लिहिला. मेक्सिकोच्या आखातात बोली जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेइतका परतावा का मिळत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. याला जेत्याचा शाप म्हणतात. याचा व्यवहारातला नियम लोकांच्या सहजप्रवृत्तीच्या अगदी उलट आहे: अशा वस्तूवर बोलीदार जितके जास्त, तितका आपला आकडा खाली आणायचा. बावीस जण तुटून पडलेत म्हणजे वस्तू चांगली असणार, असं म्हणून आकडा चढवणारा त्या बावीस अंदाजांतला सर्वांत चढा अंदाज विकत घेत असतो.

चौथी गोष्ट तुमच्या लेन्सना हमखास लागू पडते: तीच वस्तू पुन्हा येणार आहे का? एकमेवाद्वितीय वस्तू असेल तर पूर्ण मर्यादा टाका. पण जी लेन्स दर आठवड्याला लिलावात दिसते, तिच्यासाठी आज पूर्ण मर्यादा सांगणं चूक आहे. पुढच्या आठवड्यात ती मला शंभराने स्वस्त मिळण्याची बरी शक्यता असेल, तर आजची माझी मर्यादा त्या शक्यतेइतकी कमी व्हायला हवी. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९८९ साली वाइनच्या लिलावांचा अभ्यास करून दाखवलं की एकाच प्रकारच्या खोक्यांचे लागोपाठ लिलाव झाले, तर पुढच्या खोक्याला आधीच्याहून कमी किंमत येण्याचे प्रसंग जास्त येण्याच्या प्रसंगांपेक्षा अधिक असतात. सगळीकडे असं होईलच असं नाही, पण पहिल्याच नगावर झडप घालू नये एवढं यातून नक्की घ्यावं. मी एका वेळी सारख्या वस्तूंचे चार-पाच लिलाव यादीत ठेवतो आणि संपण्याच्या क्रमाने एकेकावर तोच थोडा खालचा आकडा टाकतो. पहिले दोन-तीन जातात. चौथ्याला कधी कधी त्या दिवशी कुणीच नसतं. मात्र दोन्हीकडे एकदम बोली लावू नका, नाहीतर दोन लेन्स घरी येतील आणि दोन्हींचे पैसे भरणं बंधनकारक असेल.

आता वेळ. इथे पहिला प्रश्न एकच: लिलाव ठरलेल्या वेळी संपतो, की शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते? नियमांचं पान उघडून हे बघितल्याशिवाय कुठलीही युक्ती ठरवू नका.

अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली हीच तुलना केली. त्या काळी ॲमेझॉनही लिलाव चालवत असे. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपायचा, ॲमेझॉनवर शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांत गेल्याशिवाय संपायचा नाही. बाकी पद्धत सारखीच. ईबेवर शेवटच्या मिनिटांत बोल्यांची झुंबड उडायची, ॲमेझॉनवर ती फार कमी. आणि ईबेवर अनुभवी बोलीदार जास्त उशीर करत होते, ॲमेझॉनवर उलट. ईबेवरही संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावात उशीर जास्त होता. तिथे जाणकाराने लवकर बोली लावली की इतरांना कळतं, या वस्तूत काहीतरी आहे.

ठरलेल्या वेळी संपणाऱ्या लिलावात उशिराने काय साधतं ते यावरून स्पष्ट होईल. एक, टप्प्याटप्प्याने चढणाऱ्याला उत्तर द्यायला वेळ मिळत नाही. दोन, तुमची माहिती फुकट वाटली जात नाही. तीन, विक्रेता किंवा त्याचा साथीदार खोट्या बोल्या लावून तुमची मर्यादा चाचपू शकत नाही. पण ज्याने तुमच्याहून मोठा आकडा आधीच टाकून ठेवला आहे, त्याच्यापुढे उशीर निरुपयोगी. उशिरा आल्याने वस्तू स्वस्त होत नाही. फक्त तिची किंमत उगाच चढत नाही.

प्रत्यक्षात कसं करावं: आधीच लॉगिन करून ठेवा. पैसे भरण्याची आणि पत्त्याची सगळी माहिती आधी भरलेली असावी. आकडा टाकून खात्रीच्या बटणापर्यंत पोहोचा आणि तिथे थांबा. शेवटचे आठ-दहा सेकंद उरले की बटण दाबा. दोन सेकंदांवर नेण्यात मर्दुमकी नाही. नेट एकदा अडखळलं की संपलं, आणि दहा सेकंदांत माणूस नवा आकडा टाकून तो पक्का करू शकेल ही शक्यता फार थोडी. घड्याळ पानावरचं बघा, हातातलं नको. अशा बोल्या आपोआप लावून देणारी सॉफ्टवेअरही मिळतात. त्यांना तुमच्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, म्हणून मी ती वापरत नाही. आणि काही ठिकाणी नियमांनीच त्यांना मनाई असते.

मुदत वाढत जाणाऱ्या लिलावात हे सगळं विसरा. तिथे शेवटच्या सेकंदाची बोली म्हणजे समोरच्याला आणखी काही मिनिटं बहाल करणं. बरेच लोक तिथेही सवयीने शेवटपर्यंत थांबतात आणि मग तासभर एकेक टप्पा चढत बसतात. तिथे तुमचा लिहून ठेवलेला आकडा शेवटच्या दिवशी एकदाच टाका आणि पान बंद करा. पुन्हा उघडलंत की चढणार, कारण आपण वर आहोत हे काही वेळ बघितलेल्या माणसाला ती वस्तू आपलीच वाटू लागते. तुमच्या बाबतीत चार-पाच दिवस सर्वांत वर राहण्याचा हाच तोटा झाला असावा.

लवकर बोली लावावी असा एक प्रसंग मात्र आहे. काही लिलावांत ‘आत्ता खरेदी करा’ अशी ठरलेली किंमतही दिलेली असते आणि पहिली बोली पडताच तो पर्याय नाहीसा होतो. किंमत खरोखर चांगली असेल तर सरळ घेऊन टाका. ती तुमच्या मर्यादेच्या जराशी वर असेल, पण दुसरा कुणी ती देईल अशी भीती असेल, तर सुरुवातीची छोटी बोली लावून तो दरवाजा बंद करता येतो. त्याआधी नियम मात्र बघा, कारण राखीव किंमत (जिच्याखाली विक्रेता वस्तू देणार नाही ती) असेल तर ती गाठेपर्यंत पर्याय राहतो, आणि काही वर्गांत तो बोलीनंतरही काही काळ उघडाच असतो.

वस्तू कुठे स्वस्त मिळते याबद्दल मला विचाराल तर, गर्दी नाही तिथे. ज्या लिलावाची सुरुवातीची किंमत अगदी कमी असते, तिथे बोल्या लवकर जमतात आणि बोल्या जमलेल्या पाहून आणखी लोक जमतात. शेजारीच तीच वस्तू, थोड्या चढ्या सुरुवातीच्या किमतीला, एकही बोली न पडलेली उभी असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शून्य बोल्यांच्या लिलावांची यादी काढून बघण्याइतकं फायद्याचं दुसरं काम मला माहीत नाही. नावात स्पेलिंगची चूक असलेल्या, चुकीच्या वर्गात टाकलेल्या, अंधुक फोटोच्या वस्तूही तशाच. अंधुक फोटोत धोका असतो, पण विक्रेत्याला विचारता येतं: ॲपर्चर पूर्ण बंद करून एक फोटो, मागून प्रकाश टाकून एक. जो पाठवतो त्याच्याकडून घ्यावं.

खोट्या बोल्यांचं. बोलीदारांची नावं हल्ली झाकलेली असतात, तरी बोल्यांचा इतिहास बघायला मिळतो. नवं किंवा जवळजवळ कोरं खातं, याच विक्रेत्याच्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा बोल्या, छोट्या छोट्या पावलांनी वर चढणं आणि तुमची मर्यादा जवळ आली की अचानक थांबणं; हे सगळं एकत्र दिसलं तर सावध व्हा. आणखी एक चाल: कुणीतरी भलामोठा आकडा टाकून तुमची कमाल उघडी पाडतो, मग ‘आकडा चुकला’ म्हणून बोली मागे घेतो आणि दुसऱ्या खात्यावरून तुमच्या जेमतेम खाली येऊन बसतो. तुमच्या लिलावात बोली मागे घेतल्याची नोंद दिसली, तर तुमची कमाल उघड झाली असं समजून चाला. एकेकटी खूण मात्र पुरावा नाही. नवखे बोलीदार खरोखरच छोट्या पावलांनी चढतात.

दोन प्रकारच्या लिलावांना वरचं काहीच लागू नाही, म्हणून थोडक्यात. बंद बोलीचा लिलाव, ज्यात जिंकणाऱ्याला स्वतःचा आकडाच भरावा लागतो: तिथे खरी किंमत लिहिणारा जिंकूनही काही कमावत नाही. आकडा खाली ठेवावाच लागतो. किती, ते स्पर्धकांच्या संख्येवर. पाठ्यपुस्तकी हिशेबात, सर्वांच्या किमती शून्यापासून एका मर्यादेपर्यंत सारख्याच प्रमाणात विखुरलेल्या असतील, तर दोन बोलीदार असताना आपल्या किमतीच्या निम्मं आणि पाच असताना चार पंचमांश लिहावं असं येतं. प्रत्यक्षात एवढं नेटकं काही नसतं, पण दिशा तीच.

दुसरा प्रकार, जिथे प्रत्येक बोलीसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, मग तुम्ही जिंका वा हरा. जर्मनीत २००५ साली सुरू झालेली आणि २०११ मध्ये बंद पडलेली स्वूपो ही त्यातली सर्वांत गाजलेली कंपनी. एका बोलीला ६० सेंट आणि किंमत वाढणार एका सेंटने, असा लिलाव धरा. वस्तू ५० डॉलरला गेली म्हणजे पाच हजार बोल्या झाल्या आणि चालवणाऱ्याकडे नुसत्या बोल्यांचेच ३००० डॉलर जमले. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन शुबिक यांनी १९७१ साली एका डॉलरच्या लिलावाचा खेळ मांडला होता, त्यात हरलेल्या दुसऱ्या क्रमांकालाही स्वतःची बोली भरावी लागे. गुंतलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणसं एका डॉलरसाठी डॉलरहून जास्त देऊ लागतात. या प्रकारात शिरूच नये, एवढीच रणनीती.

शेवटी, हरल्यानंतरचं. तुमच्यासारखा दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला माणूस असेल तर एखाद्या दिवशी विक्रेत्याचा निरोप येईल: जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या कमाल बोलीला वस्तू घेता का? ईबेवर याची अधिकृत सोय आहे, त्यामुळे निरोप आला म्हणून लगेच फसवणूक समजू नका. मात्र तो तुमच्या खात्यात, त्या संकेतस्थळाच्या आत दिसला पाहिजे. नुसता ईमेल आला आणि पैसे बाहेरून पाठवायला सांगितले, तर उत्तरही देऊ नका. अधिकृत निरोप असेल तर बोल्यांचा इतिहास उघडा आणि तो न भरणारा बोलीदार वगळून किंमत कुठवर गेली असती ते काढा. तिसऱ्या माणसाची कमाल ६२० होती आणि तुम्हाला ८०० मागत असतील, तर प्रामाणिक लिलावात ती लेन्स तुम्हाला ६३० ला मिळाली असती. अशा वेळी मी घेत नाही. न भरलेली वस्तू बहुधा काही दिवसांत पुन्हा लिलावाला येते. ती यादीत घालून ठेवा, आणि या खेपेला ८०७ टाका, शेवटच्या दहा सेकंदांत.